चोर माल आणून ठेवत नाही

वाचकाचं पत्र

‘आमचं परळला सॅनिटरी आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, १९८६ साली सुरू केलं. दुकानामागे पोटमाळ्यासकट लहानसं गोडाऊन आहे आणि मोठा माल भिवंडीजवळ काल्हेरला भाड्याच्या गाळ्यात असतो. दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मी शाळेतली नोकरी सोडून दुकानात बसते. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण अठराशे आयटम आहेत. यंदा ३१ मार्चला पहिल्यांदाच सगळा माल मोजला, तर साडेचार लाखांचा कमी भरला. काही गोष्टी कॉम्प्युटरपेक्षा जास्तही निघाल्या, पण त्या मी धरल्या नाहीत. गोडाऊन सांभाळणारे मामा आमच्याकडे सव्वीस वर्षं आहेत. कुठली वस्तू कुठे आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक. दीर म्हणतात, मामांवर लक्ष ठेवा, कॅमेरे लावा. मिस्टर म्हणतात, तीन लाखांचं सॉफ्टवेअर घेऊ. ट्रक रात्री येतो, हमालांना घाई असते, मोजायला कोणी थांबत नाही. वर पिस्ता रंगाची बावीस बेसिनं माळ्यावर धूळ खात पडली आहेत. बाबांना काही विचारलं तर ते रडतात. मी सुरुवात कुठून करू?’

— एक वाचक, परळ

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. ‘जास्तही निघाल्या, पण त्या मी धरल्या नाहीत.’ ताई, त्या धरा. मामा, कॅमेरे, सॉफ्टवेअर सगळं चार दिवस बाजूला ठेवा आणि आधी जास्तीच्या मालाची यादी काढा. चोर माल नेतो, आणून ठेवत नाही. ज्या गोडाऊनात एका कप्प्यात माल कमी आणि शेजारच्या कप्प्यात जास्त भरतो, तिथे चोरी नसेलच असं मी म्हणत नाही. पण तिथे आधी हिशोब चुकलेला असतो.

एका मोठ्या कागदावर डावीकडे कमी भरलेला माल लिहा, उजवीकडे जास्त भरलेला. रुपयांत लिहू नका, नगांत लिहा. मग दोन्ही बाजू शेजारी ठेवून सावकाश वाचा. पाऊण इंची यूपीव्हीसी एल्बो नव्वद कमी आणि पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बो अठ्ठ्याऐंशी जास्त, असं काही दिसलं की एक जोडी सापडली. दोन्ही प्लास्टिकच्या पाइपांना वळण देणारे जोड: यूपीव्हीसीचा पांढरा, सीपीव्हीसीचा जरासा पिवळट. पोटमाळ्यावरच्या एकुलत्या ट्यूबलाइटखाली, संध्याकाळी सात वाजता, गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत असताना त्यात फरक कोणाला दिसतो? बिल एकाचं झालं, पिशवीत दुसरा गेला. एक इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक तोंड लहान असलेली एक-पाऊणची रिड्यूसिंग टी यांचंही असंच होतं. एमटीए आणि एफटीएचं, म्हणजे बाहेरून आटे आणि आतून आटे असलेल्या जोडांचं, तर विचारूच नका.

जोड्या लागल्या की उरलेल्या आकड्यांकडे बघा. पन्नास नगांची पेटी असेल आणि फरक ४९, ९८, १४७ असा येत असेल, तर पेटीची नोंद कोणीतरी एक नग म्हणून केली आहे. खरेदीला केली असेल तर माल जास्त दिसतो, विक्रीला केली असेल तर कमी. ४९चा पाढा सहसा दुसऱ्या कशातून येत नाही. फरक बरोबर ५०, १००, १५० असेल तर अख्खी पेटी गेली आहे. एकतर आलीच नाही किंवा काल्हेरला कुठेतरी दुसऱ्या थप्पीत बसली आहे. पाइपांत हाच घोळ फुटांचा होतो. दहा फुटी लांबी कोणी ‘एक’ लिहितो, कोणी ‘दहा’. टॅलीत एका वस्तूला मूळ एकक आणि पर्यायी एकक अशी दोन्ही देता येतात. मूळ एकक नग, पर्यायी पेटी, आणि एका पेटीत किती नग तो आकडा कंपनीच्या खोक्यावरून पाहून भरायचा. हे काम कंटाळवाणं आहे. दोन रविवार जातील.

एवढं केल्यावर साडेचार लाखांचे किती उरतील, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण जो आकडा उरेल तो खरा प्रश्न. आत्ता तुमच्या हातात आहे तो आकडा कच्चा आहे, आणि कच्च्या आकड्यावर माणसाची परीक्षा करायची नसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मुंबईतल्या दारूखाना भागाच्या बाजूला एका फर्मच्या स्टोअरमध्ये मी होतो. नटबोल्ट आम्ही वजनावर मोजायचो. शंभर नगांचं वजन काढायचं, मग घमेलं भरून काट्यावर ठेवायचं आणि भागायचं. एका वर्षी मोजणीत जवळजवळ प्रत्येक साइझ कमी भरली. स्टोअरला एक हेल्पर होता, जेमतेम विशीतला. संध्याकाळी शेवटी तोच बाहेर पडायचा. मी साहेबांना सांगितलं, ह्याच्यावर संशय आहे. त्याला तिथून काढून दुसऱ्या खात्यात टाकलं. दोन महिन्यांनी माझ्याच लक्षात आलं, की मोजणीच्या आठवड्यात लोखंडी घमेलं जाऊन प्लास्टिकचं आलं होतं. काट्यावर घमेल्याचं म्हणून वजा होणारं वजन मात्र जुन्या लोखंडी घमेल्याचंच राहिलं होतं. दर वेळी दीडेक किलो माल हवेत जात होता. मी साहेबांना जाऊन चूक सांगितली. त्या मुलाला सांगितली नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकाच गेटातून आत जायचो.

तर मामांचं नंतर बघू. आधी हे बघा, की तुमच्याकडे कागद आणि माल यांची फारकत नेमकी कुठे होते. माल जागेवरून हलला आणि कागद हलला नाही, अशी प्रत्येक जागा शोधायची. तुमच्या धंद्यात अशा चार जागा असतात: माल उतरतो तिथे, काउंटरवर, साइटवर माल जातो तेव्हा, आणि साइटवरून परत येतो तेव्हा.

या चौघींत वाईट शेवटची, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. प्लंबर काय करतो? दहा एल्बो लागणार असतील तर पंधरा नेतो, कारण साइटवरून परळला परत येण्यात त्याचा अर्धा दिवस जातो. काम झालं की चार परत आणून काउंटरवर ओततो. ओळखीचा माणूस, उधारीचं खातं. ‘वहिनी, हे घ्या, पुढच्या बिलात बघू.’ तुम्ही ते घेता, मामा ते उचलून जिथे जागा दिसेल तिथे टाकतात. पुढच्या बिलात कोणी बघत नाही. किंवा बघतं, पण तोंडी, बिलाच्या रकमेतून शंभर रुपये कमी करून. माल आत आला, कागद आला नाही. तुमचा जास्तीचा माल बहुतेक इथूनच आला असावा. पुढे एखादा दिवस असाही येतो, की त्याच परत आलेल्या मालातून कोणाला तरी बिनबिलाचा माल दिला जातो, कारण तो कॉम्प्युटरवर नसतोच. खऱ्या चोरीला वाट इथून मिळते. नोंद नसलेला माल कोणाचाच नसतो.

उपाय साधा आहे. काउंटरखाली एक लाल क्रेट ठेवा. परत आलेला माल त्यातच पडेल, दुसरीकडे कुठेही नाही, आणि पडताना सोबत एक चिठ्ठी: कोणी आणला, काय, किती, कुठल्या बिलातला. दुकान बंद करण्याआधी क्रेट रिकामा झाला पाहिजे. चांगला माल क्रेडिट नोट करून जागेवर, सिमेंट लागलेला किंवा आटे खराब झालेला वेगळा. बांधाबांध करताना क्रेटमध्ये काही उरलं असेल तर शटर अर्ध्यावर ठेवा आणि ते संपवा. पहिल्या आठवड्यात प्लंबर मंडळी कुरकुर करतील. मग त्यांनाही बरं वाटेल, कारण त्यांच्या खात्यावर पैसे जमा झालेले कागदावर दिसतील.

ट्रकचं म्हणाल तर मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा वेळेची बंधनं आहेत, त्यामुळे माल रात्री येणार हे धरूनच चाला. हमाल मोजणार नाहीत. ते त्यांचं काम नाही. त्यांचं काम उतरवणं, मोजणं तुमचं. माथाडी कायदा १९६९ साली आला तो या माणसांच्या पाठीवर किती ओझं पडतं आणि त्याचे पैसे कोण देतं यासाठी. तुमच्या चलानातले आकडे त्यांनी जुळवावेत यासाठी नव्हे. त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा: थप्पी ठरल्या मापाची लावायची. तळाला चार खोकी, उंचीला पाच, झाली वीस. अशा थप्प्या असल्या की साठ खोकी मोजायला मिनिट लागत नाही. वाटेल तशी रचली की अर्धा तास जातो, आणि मग कोणी मोजत नाही. थप्पी नीट लावल्याबद्दल वाराईवर (माल उतरवण्याच्या मजुरीवर) थोडे वरचे पैसे द्यावे लागले तर द्या, स्वस्तात पडेल.

आणखी एक. मोजणाऱ्याच्या हातात चलान देऊ नका. चलानावर साठ दिसले की माणूस छप्पन्न मोजतो आणि साठ म्हणतो. मुद्दाम नाही, डोळ्याला पाहिजे तेच दिसतं. त्याला कोऱ्या कागदावर मोजू द्या, मग तुम्ही चलानाशी ताडून बघा. खोकं फुटलेलं असेल, पेटी कमी असेल तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्याआधी त्याच बिल्टीवर तसं लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या. ‘माल बरोबर मिळाला’वर सही झाली की ट्रान्सपोर्टवाला तुमचा फोनही घेणार नाही. रात्री बाराला माणूस थांबत नसेल, तर आलेला माल तसाच दाराजवळ ठेवा, जमिनीवर पिवळ्या पट्टीनं चौकोन आखून. मोजणी होईपर्यंत त्या चौकोनातलं एक खोकंही रॅकवर चढणार नाही.

काउंटर आणि साइट या दोन जागांसाठी एकच नियम. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर मागितलेला माल कच्च्या चिठ्ठीवर निघायचा नाही. बिल जमत नसेल तर डिलिव्हरी चलान तरी हवं. काल्हेरहून परळला स्वतःचाच माल आणतानाही सोबत चलान लागतं, आणि राज्यातल्या राज्यात मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली की ई-वे बिल लागतं, माल आपलाच असला तरी. काल्हेरचा गाळा तुमच्या जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवलाय ना, तेही बघून घ्या. बाबांनी जकातीच्या काळात गाळा घेतला असेल तर ते राहून गेलेलं असू शकतं. त्या काळी माल भिवंडीला ठेवायचं मोठं कारणच जकात होती. मुंबईच्या हद्दीत माल आला की भरावी लागायची, म्हणून जेवढा विकायचा तेवढाच आत आणायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गाळे तिथेच राहिले, कारण भाडं.

त्यावरून एक सुचतं. परळची जागा फुटाला किती महाग आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिथे रोज हलणारा आठ-दहा दिवसांचाच माल ठेवा, बाकी सगळा काल्हेरला. आठवड्यातले दोन वार ठरवा, मंगळवार-शुक्रवार म्हणा, त्याच दिवशी तिकडून माल येईल. लागेल तेव्हा टेम्पो पाठवायचा हा प्रकार खर्चिक तर आहेच, शिवाय घाईत निघालेल्या टेम्पोबरोबर चलान कधीच निघत नाही.

आता मामा. सव्वीस वर्षांत त्यांच्या डोक्यात जे साठलंय ते तुमच्या गोडाऊनचं एकमेव रजिस्टर आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही. उद्या मामा गावाला गेले, आजारी पडले किंवा दिरांच्या कॅमेऱ्यामुळे दुखावून घरी बसले, तर अठराशे वस्तूंपैकी किती तुम्हाला सापडतील? म्हणून त्यांच्यासोबत बसा. प्रत्येक कप्प्याला पत्ता द्या. डबेवाल्यांचं उदाहरण मी देणार नाही, ते प्रत्येक भाषणात असतंच. तुम्ही परळच्या आहात, चाळ आठवा. पोस्टमन कोणाचं नाव पाठ करत नाही. इमारत, मजला, खोली नंबर वाचतो. तसंच रांग, रॅक, कप्पा: ब-३-२. हा नंबर रॅकवर ऑइलपेंटनं, टॅलीत वस्तूच्या नावापुढे, आणि खोक्यावर मार्करनं.

नावांचंही तेव्हाच निस्तरा. टॅलीत ‘एल्बो २० एमएम’ आहे, मामा ‘पाऊण एल्बो’ म्हणतात, प्लंबर ‘पाऊणचा बेंड’ मागतो आणि त्याला एल्बोच हवा असतो. ११० एमएमच्या पाइपला तर सगळा बाजार चार इंची म्हणतो. अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, अडीच ही आपली मापं मोडायला जाऊ नका, मोडणार नाहीत. प्रत्येक वस्तूच्या नावात दोन्ही लिहा, एमएम आणि बोलीतलं माप. सीपीव्हीसीच्या कप्प्यांना एका रंगाची पट्टी, यूपीव्हीसीच्या कप्प्यांना दुसऱ्या रंगाची, आणि दोघांना शेजारी ठेवू नका. मधे एक रॅक जाऊ द्या. उत्तराच्या सुरुवातीला सांगितलेल्या त्या जोड्या यानंच तुटतील. रोज हलणारा माल गुडघा ते खांदा एवढ्या उंचीत, जड खाली, वर्षातून दोनदा लागणारा वर. मामांचं वय बघता हे त्यांच्या कमरेसाठीही बरं.

याचा अर्थ मामांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असा नाही. जो माल देतो त्यानंच नोंद करायची आणि त्यानंच मोजायचं, ही रचना कोणालाही मोहात पाडते, आणि प्रामाणिक माणसालाही संशयात आणते. देणारा एक, नोंदणारा दुसरा, मोजताना तिसरा. तीन माणसं नसतील तर मोजताना तुम्ही. आणि काय चोरीला जातं ते ओळखा. पाऊण एल्बो खिशात घालून कोणी श्रीमंत होत नाही. जातात ते सीपी फिटिंगचे, म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेले, नळ, डायव्हर्टर, शॉवर. खोकं लहान, किंमत हजारांत. त्यांना जाळीचं कपाट करा, चावी तुमच्याकडे, रोज संध्याकाळी मोजणी. दहा मिनिटांचं काम. कॅमेरा लावायचाच असेल तर त्या कपाटावर आणि माल उतरतो त्या दारावर लावा, आणि मामांना आधी सांगून लावा.

एवढ्या मोठ्या आकड्यापर्यंत फरक साचला कारण तुम्ही सगळं वर्ष संपल्यावर मोजलंत. वर्षभरापूर्वीची चूक कोणाला आठवणार? रोज सकाळी दुकान उघडल्यावर वीस वस्तू मोजा, अर्धा तास. अठराशे भागिले वीस, नव्वद दिवस. सुट्ट्या धरून साडेतीन महिन्यांत सगळं गोडाऊन एकदा फिरून होतं, दुकान बंद न ठेवता. ज्या थोड्या वस्तूंत तुमचे बहुतेक पैसे अडकलेत, त्या महिन्यातून एकदा तरी यायलाच हव्यात. व्हिल्फ्रेडो पारेटो नावाच्या इटालियन अर्थशास्त्रज्ञाला तिथल्या जमिनीचा मोठा वाटा थोड्या लोकांकडे दिसला. गोडाऊनातही तोच प्रकार असतो. टॅलीत किमतीप्रमाणे उतरत्या क्रमानं यादी लावा, वरची दोनेकशे नावं काढा, तुम्हालाच दिसेल. फरक आढळला की आकडा लगेच दुरुस्त करून मोकळ्या होऊ नका. कालपरवाची बिलं बघा, मामांना विचारा. फरकाचं कारण लिहायला वहीत एक रकाना ठेवा. महिन्यानं तो रकाना वरपासून खाली वाचलात की तुमच्या गोडाऊनचा आजार कळेल.

साडेचार लाखांची घट टॅलीत एका नोंदीनं मिटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशोबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत करावं लागतं. १८ टक्क्यांनी साडेचार लाखांवर ते ८१ हजार होतात. जो माल खरं म्हणजे दुसऱ्या कप्प्यात आहे, त्याच्यासाठी हे कशाला? आधी जोड्या लावा, उरेल त्याबद्दल सीएशी बोला. आणि बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर घेतलेलं कर्ज, असेल तर दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून देऊ नका. अशी सवय मी बऱ्याच दुकानांत पाहिली आहे.

विमा हा विषय तुम्ही काढलेला नाही, म्हणून मला काळजी वाटते. पॉलिसीवर काल्हेरचा पत्ता आहे का? आणि रक्कम? चाळीस लाखांचा माल वीस लाखांनाच उतरवला असेल आणि दहा लाखांचं नुकसान झालं, तर पाचच लाख हातात येऊ शकतात, कारण कंपनी म्हणते निम्माच उतरवला होता, निम्मंच घ्या. एका जागेवर पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत कमी उतरवलेलं माफ असतं, पण निम्मं नाही. म्हणजे मालाचा खरा आकडा माहीत असणं इथेही आलंच.

परळला राहून पाण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. हिंदमाता तुमच्या दारात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा तुमच्या गोडाऊनात पाणी कुठवर आलं होतं, ते मामांना नक्की आठवत असेल. भिंतीवर त्या उंचीची रेघ मारून घ्या. रेघेखाली पुठ्ठ्याच्या खोक्यातलं काहीही नको. नळाला पाण्यानं काही होत नाही, पण खोकं भिजलं की तो नळ नवा असून जुना. खाली पाइप, एल्बो, टी, ज्यांना पाण्याची पर्वा नाही असा माल. सॉल्व्हंट सिमेंटचे, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रावणाचे, डबे मात्र वेगळे, मीटरबोर्डापासून आणि चहाच्या शेगडीपासून लांब; ते पेट घेतात. त्यांना मुदतही असते. नवे डबे मागे, जुने पुढे, आणि ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर, मग तो कधीही आलेला असो. काल्हेरच्या गाळ्यात पत्र्याखाली पाइप उभे टेकवून ठेवले असतील तर ते आडवे करा, वाकतात. उन्हाची तिरीप येत असेल तिथून हलवा.

मिस्टरांना सांगा, तीन लाख आत्ता ठेवा. चुकीचे आकडे नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातले तर चुकीची उत्तरं जरा सुबक अक्षरांत मिळतील, एवढाच फरक. टॅलीत तुम्हाला लागणारं बरंच काही आहे: दोन गोडाऊन वेगळी, पर्यायी एककं, रीऑर्डर लेव्हल. ही लेव्हल काढायला बोटांवरचं गणित पुरतं. पाऊण एल्बो रोज चाळीस जात असेल, ऑर्डर दिल्यावर माल यायला सहा दिवस लागत असतील आणि तीन दिवसांची उशी धरली, तर तीनशे साठ. तेवढे उरले की ऑर्डर. एवढं आधी शंभरेक वस्तूंना करा, जे रोज जातात त्यांना. पाऊस तोंडावर आला की गळतीची कामं वाढतात, तेव्हा एप्रिलात हे आकडे पुन्हा बघा. आणि मार्चअखेरीस कंपनीचा सेल्समन स्कीम घेऊन येतो, शंभर पेट्यांवर पाच फुकट, तेव्हा हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. फुकटच्या पाचांसाठी शंभरांचे पैसे चार महिने अडकतात आणि व्याज तुम्ही भरता. वर्षभर वीस वस्तू रोज मोजून झाल्या, फरकाच्या रकान्यात फारसं काही उरेना, की मग बारकोडचा विचार करा. तोही पेटीवर. सुट्या एल्बोवर बारकोड चिकटवत बसलात तर मामा खरंच गावाला जातील.

बाबांना हिशोब विचारू नका. त्यांना तो फरक म्हणजे आपलं अपयश वाटत असणार. त्यांना यादीतली नावं वाचून दाखवा आणि ‘हे कुठे ठेवायचात?’ एवढंच विचारा. ते सांगता येईल. बोलता नाही आलं तरी बोटानं दाखवता येईल.

राहिली ती बावीस बेसिनं. शोरूममध्ये त्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही, आता सगळ्यांना पांढरं लागतं. पण दादर, माटुंगा, गिरगावातल्या जुन्या इमारतींत पिस्ता आणि गुलाबी रंगाचे अख्खे बाथरूम अजून जिवंत आहेत. तिथे एक बेसिन तडकलं की लोक जुळणारा रंग शोधत वणवण फिरतात, आणि मिळाला नाही तर नाइलाजानं सगळी टाइल्स फोडतात. तुमच्या नेहमीच्या प्लंबरांना फोटो पाठवा, एका बेसिनामागे त्यांना ठरावीक पैसे द्या. भाव पाडू नका, हा माल दुसऱ्या कोणाकडे नाही. आमच्या घरी त्याच रंगाचं कमोड आहे, १९८९ सालचं, त्याचं झाकण गेल्या दिवाळीत तुटलं. माळ्यावर बेसिनांसोबत झाकणंही निघाली, तर एक बाजूला ठेवा. बिल करून.